सिंहेचा गुरु आणि घरातले मंगलकार्य

कार्तिक शुद्ध द्वादशीस तुळशीवृंदावनासमोर अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके म्हटली जातात, ऊस, चिंचा, आवळे यांचा प्रसाद वाटला जातो आणि चार महिने थांबलेली मंगलकार्ये पुन्हा सुरू होतात. चातुर्मासात शयन करणारे भगवान प्रबोधिनी एकादशीस जागे होतात व पाठोपाठ तुळशीचे लग्न लागते, असा हा क्रम आहे. त्यानंतर ज्या घरात उपवर मुलगी वा मुलगा आहे तेथे पत्रिका बाहेर निघतात, पंचांग उघडले जाते आणि पुरोहितांना बोलावणे जाते. एरवी प्रश्न असतो तो फक्त तिथी-वाराचा. परंतु बारा वर्षांतून एकदा या बोलाचालीत एक शब्द असा येतो की, घरातील वडीलधारी माणसे पंचांग मिटूनच ठेवतात. तो शब्द म्हणजे ‘सिंहस्थ’.

गुरु हा ग्रह सिंह राशीत असतो तो काळ सिंहस्थ. चित्रापक्षीय पंचांगांप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२६ हा गुरूच्या सिंहप्रवेशाचा दिवस आहे आणि त्या वर्षीचा तुळशीविवाह त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरास साधूंचे आखाडे जमतात, रामकुंडात व कुशावर्तात लक्षावधी लोक स्नान करतात, ते याच योगावर. गोदाकाठी ज्या योगाला आपण महापर्व म्हणतो, त्याच योगाचा घराच्या ओसरीवर मात्र धसका घेतला जातो. ‘सिंहस्थात लग्न नाही’ एवढे एकच वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. त्याच्या भीतीने ठरलेली सोयरीक लांबते, कधी मोडतेही. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकण्यासाठी दिवस मोजणाऱ्या आजीला ‘सिंहस्थ सरू दे’ असे सांगणे कोणत्याही लेकाला सोपे नसते. म्हणून हा निषेध शास्त्रात नेमका कोणत्या शब्दांत आहे, कोणासाठी आहे आणि कोठवर आहे, हे एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे.

त्यासाठी ग्रह आणि राशी यांचे नाते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बारा राशी ही बारा घरे आणि प्रत्येक घराला एक स्वामी. सिंह हे सूर्याचे घर, त्याला लागून असलेली कर्क हे चंद्राचे. मग या दोन राजगृहांच्या दोन्ही अंगांनी बाहेर सरकत जावे. मिथुन आणि कन्या बुधाच्या, वृषभ आणि तूळ शुक्राच्या, मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, मीन आणि धनू गुरूच्या, कुंभ आणि मकर शनीच्या. जो ग्रह जितका मंदगती, तितके त्याचे घर सूर्यचंद्रांच्या घरांपासून दूर, अशी ही रचना आहे. पूर्वसूरींच्या बुद्धीचे कौतुक वाटावे इतकी ती सुबक आहे. पुढे घरांवरून मैत्री आणि वैर ठरते. गुरूचे मित्र सूर्य, चंद्र आणि मंगळ. शत्रू बुध आणि शुक्र. शनीशी तो सम. ग्रह स्वतःच्या घरी असला की स्वगृही, मित्राच्या घरी असला की सुखाने राहिलेला पाहुणा, शत्रूच्या घरी असला की अवघडलेला. याखेरीज प्रत्येक ग्रहाला एक उच्च रास व तिच्यासमोरची नीच रास असते. गुरूची उच्च रास कर्क, नीच रास मकर.

या मोजमापाने पाहिले तर सिंहेतला गुरु हा मुळीच दुर्बळ नव्हे. कर्केतील उच्चपद भोगून तो मित्राच्या, म्हणजे सूर्याच्या घरी आलेला असतो. तेथून त्याची पाचवी दृष्टी धनूवर, म्हणजे स्वतःच्याच घरावर पडते, सातवी कुंभेवर आणि नववी मेषेवर. एखाद्याच्या जन्मपत्रिकेत सिंहेचा गुरु दिसला तर ज्योतिषी आनंदाने मान डोलावतो. मग मंगलकार्याला तोच गुरु नको, हे कसे? मकरेतला नीचीचा गुरु काही प्रदेशांत वर्ज्य मानला आहे, ते समजते. तो बलहीन असतो. सिंहेच्या गुरूबाबत बलहीनतेचे कारण लागू पडत नाही. तेव्हा हा निषेध गुरूच्या अशुभत्वाचा आहे, ही लोकांतील समजूत मुळातच बाजूला ठेवावी लागते. जातकशास्त्र आणि मुहूर्तशास्त्र ही एकाच वृक्षाची दोन निरनिराळी फळे आहेत. पहिले माणसाच्या जन्मवेळेकडे पाहते, दुसरे कार्याच्या वेळेकडे. एकाचे निकष दुसऱ्याला लावल्यामुळे घराघरांत निष्कारण घबराट होते.

मुहूर्ताच्या विषयात आपल्याकडे सर्वाधिक मानला जाणारा ग्रंथ म्हणजे रामदैवज्ञांचा ‘मुहूर्तचिंतामणि’. घराणे मूळचे विदर्भातले, वास्तव्य काशीस, आणि ग्रंथाचा काळ शके १५२२, म्हणजे इसवी सन १६००. या ग्रंथकारांनी सिंहस्थाचा निर्णय दोन श्लोकांत दिला आहे आणि त्यांचे तात्पर्य लोकांच्या तोंडी असलेल्या वाक्यापेक्षा पुष्कळच सौम्य आहे. सिंह राशीत मघा नक्षत्राचे चार चरण, पूर्वा फल्गुनीचे चार आणि उत्तरा फल्गुनीचा पहिला, असे नऊ चरण येतात. त्यांपैकी पहिले पाच, म्हणजे संपूर्ण मघा आणि पूर्वेचा पहिला चरण, एवढ्या भागात गुरु असताना विवाह व उपनयन सर्व देशांत वर्ज्य सांगितले आहे. हा पाचवा चरण म्हणजे सिंह राशीतील सिंहेचाच नवमांश. अंशांत सांगायचे तर राशीच्या आरंभापासून १६ अंश ४० कलांपर्यंतचा भाग. उरलेल्या चार चरणांत गुरु असताना दोष आहे तो फक्त गंगा व गोदावरी यांच्यामधल्या प्रदेशात. इतरत्र नाही. आणि सूर्य मेषेत असेल तर गंगा-गोदावरीच्या मधल्या प्रदेशातही विवाह-मुंजीला हरकत नाही. कलिंग, गौड व गुर्जर या देशांत मात्र संपूर्ण सिंहस्थ वर्ज्य, असा शेवटी अपवादाचा अपवाद आहे.

आता हे वचन महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून पाहावे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड अशी पूर्वेकडे जाते. तिच्या दक्षिणेस पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, धाराशिव, लातूर. त्याहून खाली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोमंतक. या सर्व प्रदेशाला निषेध आहे तो पहिल्या पाच चरणांपुरता. उत्तरेस खानदेश, छत्रपती संभाजीनगर, जालना, आणि नागपूर-अमरावतीसह विदर्भ. त्यांना पूर्ण सिंहस्थ पाळावयाचा, पण मेषेच्या सूर्याची सवलत त्यांनाही आहे. मुंबई-ठाण्याच्या मंडळींना येथे एक गंमतीचा प्रश्न पडू शकेल. नदीचा उगमच त्यांच्या ईशान्येस असल्यामुळे तिचा काठ त्यांच्यापर्यंत येत नाही. मग आपण कोणत्या तीरावरचे? उगमाच्या दक्षिणेस असणाऱ्यांनी स्वतःला दक्षिणतीरस्थ समजावे हे मला सयुक्तिक वाटते; परंतु आपापल्या घराण्याच्या पुरोहितांचा शब्द येथे प्रमाण मानावा.

मघा नक्षत्राविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मघेची देवता पितर. असे असूनही विवाहाला चालणाऱ्या मोजक्या नक्षत्रांत मघेचा समावेश आहे, म्हणजे चंद्र मघेत असताना लग्न लागू शकते. तीच मघा गुरूने व्यापली की मात्र लग्न थांबते. ग्रह कोणता आणि नक्षत्र कोणते, या दोहोंचा मेळ बसल्यावाचून शुभाशुभाचा बोल बोलता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मेषेच्या सूर्याचे महत्त्व काय, तेही पाहण्याजोगे आहे. मेष ही सूर्याची उच्च रास. सिंहेत गुरु आणि मेषेत सूर्य असा योग झाला म्हणजे घराचा धनी उच्चपदी बसलेला आणि त्याच्या घरी राहिलेल्या गुरूची नववी पूर्ण दृष्टी त्याच्यावर, अशी स्थिती होते. यजमान व पाहुणा दोघेही प्रसन्न. हाच योग क्षिप्रेच्या काठी उज्जयिनीच्या कुंभपर्वाचा आहे, आणि म्हणूनच तेथील मेळ्यालाही सिंहस्थ हेच नाव मिळाले. २०१६ साली एप्रिल-मे महिन्यांत तो झाला. २०२८ साली पुन्हा याच दिवसांत आहे. नाशिकला मात्र गुरु आणि सूर्य दोघेही सिंहेतच हवेत. एकच गुरु एकाच राशीत असून सूर्याच्या घरबदलामुळे पर्वणी गोदावरीकडून क्षिप्रेकडे जाते. हरिद्वारास कुंभेचा गुरु व मेषेचा सूर्य, प्रयागास वृषभेचा गुरु व मकरेचा सूर्य, हे योगही असेच दोन ग्रहांनी मिळून ठरवलेले आहेत.

मुलीच्या आईबापांनी याहूनही जवळून पाहावयाची गोष्ट म्हणजे गुरुबल. मुलीच्या जन्मराशीपासून गोचरीचा गुरु कितवा, हे विवाहात पाहतात. दुसरा, पाचवा, सातवा, नववा व अकरावा गुरु उत्तम; पहिला, तिसरा, सहावा व दहावा असल्यास गुरूची पूजा करून कार्य करावे; चौथा, आठवा व बारावा अशुभ. या हिशेबाने सिंहेचा गुरु मेष, कर्क, तूळ, धनू आणि कुंभ या पाच राशींच्या मुलींना उत्तम गुरुबल देणारा आहे, तर वृषभ, मकर व कन्या या राशींना तो अनुक्रमे चौथा, आठवा व बारावा येतो. गुरु तोच आणि रासही तीच. पण शेजारच्या दोन घरांतील दोन मुलींना त्याचे फळ निरनिराळे. ज्यांना गुरुबल नाही त्यांच्यासाठीही शास्त्राने दार लावून घेतलेले नाही; बृहस्पतिशांतीचा विधी आहेच.

आता २०२६ ते २०२८ या सिंहस्थाचे वैशिष्ट्य. मागील सिंहस्थ १४ जुलै २०१५ रोजी सुरू होऊन ११ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे सलग तेरा महिन्यांनी संपला. या वेळचा सिंहस्थ सलग नाही. तो तीन तुकड्यांचा आहे. ऑक्टोबर २०२६च्या अखेरीस सिंहेत आलेला गुरु डिसेंबरात वक्री होतो आणि जानेवारी २०२७च्या शेवटच्या आठवड्यात उलट पावली पुन्हा कर्केत जातो. जूनच्या अखेरच्या आठवड्यात तो सिंहेत परततो, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कन्येत पाऊल टाकतो, तेथे वक्री होऊन फेब्रुवारी २०२८च्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो आणि २४ जुलै २०२८ रोजी तिचा निरोप घेतो. वक्री होणे म्हणजे ग्रह खरोखर मागे फिरतो असे नव्हे. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने त्याला मागे टाकते तेव्हा, धावत्या आगगाडीतून शेजारची मंदगती गाडी मागे जाताना दिसावी, तसा तो आपल्याला भासतो.

या तीन तुकड्यांमुळे विवाहेच्छूंची फार मोठी सोय झाली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. गोदावरीच्या उत्तरेकडील मंडळींचाच विचार प्रथम करू, कारण त्यांचा निषेध मोठा. त्यांना २०२६च्या तुळशीविवाहानंतरचे दोन महिने थांबावे लागते हे खरे. परंतु जानेवारी २०२७च्या अखेरीपासून जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गुरु कर्केत, स्वतःच्या उच्च राशीत असतो. माघ-फाल्गुनापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंतची सारी लग्नसराई मोकळी. जूनअखेर गुरु सिंहेत परततो तो पाठोपाठ चातुर्मास लागतो, आणि चातुर्मासात लग्ने एरवीही होत नाहीत. नोव्हेंबरअखेर तो कन्येत गेला की पुढील फेब्रुवारीअखेरपर्यंत पुन्हा मोकळीक. नंतरच्या पाच महिन्यांत सूर्य मेषेत असतो तो एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा महिना हाताशी आहेच. दक्षिणतीरावरच्यांना तर २०२८ सालचा तिसरा तुकडा बाधत नाही, कारण त्या वेळी गुरु सिंहेच्या उत्तरार्धातच फिरत असतो. मघेकडे तो परत येत नाही. सर्वांना वर्ज्य असे पहिले पाच चरण गुरु ओलांडतो ते सप्टेंबर २०२७च्या सुमारास. म्हणजे त्यानंतर येणाऱ्या तुळशीविवाहापासून पुणे-कोल्हापूर-कोकणच्या घरांना सिंहस्थाचा अडसर उरत नाही. गुरु-शुक्रांचे अस्त आणि अन्य दोष अर्थातच पंचांगात वेगळे पाहावयाचे.

एक सावधगिरी. वरील सर्व तारखा चित्रापक्षाच्या आहेत. टिळक पंचांग पाळणारी घराणी आपल्याकडे आहेत. त्या पंचांगाचे अयनांश चित्रापक्षाहून सुमारे चार अंशांनी कमी असल्यामुळे, प्रत्येक ग्रह तेथे राशीत चार अंश पुढे धरला जातो व गुरूचे राशिप्रवेश वेगळ्या दिवशी पडतात. एका घरात एक पंचांग आणि व्याह्यांच्या घरात दुसरे, असे झाले की तारखांवरून वाद होतात. दोन्ही बाजूंनी एकच पंचांग धरून मुहूर्त काढावा. आज याचे, उद्या त्याचे असे करू नये.

लग्नकार्य बाजूला राहू द्यावे आणि तीर्थाकडे मन लावावे, असाही सिंहस्थाचा एक भाव आहे, आणि तो विसरला जाऊ नये. गौतम ऋषींच्या तपाने ब्रह्मगिरीवर अवतरलेल्या गोदेला दक्षिणगंगा म्हणतात. गुरु सिंहेत असेपर्यंत भागीरथी तिच्या भेटीस येऊन राहते ही श्रद्धा. स्नान, दान, तीर्थश्राद्ध यांना हा काळ विशेष फलदायी सांगितला आहे. ३१ ऑगस्ट २०२७च्या श्रावण अमावास्येला सूर्य, चंद्र आणि गुरु तिघेही सिंहेत एकत्र आहेत. नाशिकच्या प्रमुख स्नानांपैकी एक त्या दिवशी ठरले आहे. नवल असे की, त्या दिवशी गुरु सूर्याच्या इतका सन्निध असतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. ज्याच्यामुळे पर्वणी, तोच अस्तंगत. स्नानास जाणाऱ्यांनी गर्दीचे भान मात्र अवश्य ठेवावे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले आणि १४ जुलै २०१५ रोजी गोदावरी पुष्कराच्या पहिल्याच दिवशी राजमहेंद्रीच्या घाटावर तसाच अनर्थ घडला. वृद्धांनी व लहान मुलांच्या मातांनी मुख्य पर्वणीचा हट्ट न धरता गुरु सिंहेत असतानाच्या अन्य कोणत्याही दिवशी स्नान केले तरी ते सिंहस्थस्नानच होय.

पुष्कर हा शब्द आंध्र-तेलंगणाकडचा. गुरु ज्या राशीत जातो त्या राशीची म्हणून एक नदी तेथे ठरलेली आहे आणि प्रवेशापासून बारा दिवस तिच्या काठी पर्व असते. मेषेला गंगा, वृषभेला नर्मदा, कर्केला यमुना, सिंहेला गोदावरी, कन्येला कृष्णा, तुळेला कावेरी, मकरेला तुंगभद्रा. आपल्याकडे वृश्चिकेला भीमा मानतात. मीनेच्या गुरूला प्राणहिता. म्हणून एप्रिल २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्यास यात्रा भरली होती. गुरूची राशिचक्राची एक फेरी पूर्ण होईतो जवळजवळ सारा देश नद्यांच्या काठाने फिरून होतो. ही फेरी बरोबर बारा वर्षांची नसते, तर बाराला सुमारे पन्नास दिवस कमी असते. त्या उणिवेची बेरीज होत जाऊन सात फेऱ्यांत वर्षाचा फरक पडतो. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर बारा वर्षांनी न होता अकराव्या वर्षी, २०२१ साली झाला. संकल्पात आपण ज्या संवत्सराचे नाव घेतो ते साठ संवत्सरांचे चक्रही मुळात गुरूच्याच गतीवर बेतलेले आहे. गुरूला मध्यम गतीने एक रास ओलांडण्यास लागणारा सुमारे ३६१ दिवसांचा काळ म्हणजे एक बार्हस्पत्य संवत्सर.

सिंह सोडून गुरु कन्येत गेला की मान कृष्णेचा. वाईच्या घाटांवर, नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर कन्यागताचे पर्व सुरू होते, आणि वाडीस श्रींची स्वारी शुक्लतीर्थावर स्नानास जाते. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात भागीरथीचा म्हणून जो प्रवाह दाखवतात, तो बारा वर्षांनी एकदा याच काळात वाहतो असे तेथील भाविक मानतात. मागील कन्यागत ऑगस्ट २०१६मध्ये लागले. पुढील कन्यागताची चाहूल नोव्हेंबर २०२७च्या अखेरीस लागते, पण गुरु वक्री होऊन सिंहेत परतत असल्यामुळे कन्येतला त्याचा सलग मुक्काम २४ जुलै २०२८ पासूनच आहे. कृष्णाकाठी स्नानास जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे दोन्ही दिवस आपल्या पंचांगात आताच खूण करून ठेवावेत.